शोपाँची पत्रं: जळलेली, उरलेली आणि चक्क खोटी

उशिरा_सूर:

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. वयाच्या ४६व्या वर्षी पियानो शिकायला घेतला, त्याला आता तीन वर्षं होतील. सध्या पोलिश संगीतकार शोपाँच्या ई मायनर प्रिल्यूडवर (छोटी पियानो रचना) अडकलोय, ऑपस म्हणजे रचनाक्रमांक २८ मधलं चौथं. डाव्या हाताला नुसत्या कॉर्ड्स दाबायच्या असतात, दिसायला एकदम सोपं, पण त्या एकेक सुराने अशा काही खाली घसरत जातात की कुठली बोट कधी हलवायचं तेच कळत नाही आणि घरचे म्हणतात काय सारखं तेच रडगाणं. आमच्या मिस म्हणाल्या, "नुसतं वाजवू नकोस, तो माणूस कसा बोलायचा ते वाच." म्हणून त्याची पत्रं वाचायला घेतली. (वॉर्सॉच्या शोपाँ इन्स्टिट्यूटच्या साइटवर वाचता येतात.)

मला वाटलेलं काय, चांदणं, विरह, अश्रू वगैरे असणार. आणि निघालं काय, तर हमाली! म्हणजे दुसऱ्याला सांगितलेली हमाली. युलियान फोंताना म्हणून त्याचा वॉर्सॉपासूनचा मित्र, तोही पॅरिसला. १८३९ च्या उन्हाळ्यात शोपाँ त्याची प्रेयसी, फ्रेंच लेखिका जॉर्ज सांद हिच्या गावी, नोआँला बसलाय आणि फोंतानाला पत्रामागून पत्रं: माझ्यासाठी घर बघ, भिंतीला कागद लाव, टोपी द्युपोंकडूनच घे, माप त्याच्याकडे आहे, विजार शिंप्याला सांग गडद राखाडी, पट्टे नकोत, नोकर बघ, प्रकाशकाकडे जा, एवढे पैसे दिले तरच हस्तलिखित दे, नाहीतर दुसऱ्याकडे जा. आणि बिचारा फोंताना हे सगळं करायचा, वर त्याच्या रचनांच्या नकलाही उतरवून द्यायचा!

पण त्यातच मधेच अशी एखादी ओळ येते. ऑगस्ट १८३९ च्या पत्रात लिहितो की बी फ्लॅट मायनर सोनाटा लिहितोय, तुला माहिती असलेला तो (शवयात्रेचा) मार्च त्यात घालणार आहे आणि मार्च संपला की डावा आणि उजवा हात एकसुरात गप्पा मारतात. बस! ज्या शेवटच्या दीड मिनिटावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, थडग्यावरून वाहणारा वारा काय नि काय, त्याबद्दल खुद्द माणूस म्हणतो दोन हात गप्पा मारतायत.

आणि मायोर्का, स्पेनचं बेट. १८३८ च्या डिसेंबरात तिथून लिहितो, बेटावरच्या तीन नामांकित डॉक्टरांनी मला तपासलं. एकाने मी काय थुंकलो त्याचा वास घेतला, दुसऱ्याने कुठून थुंकलो तिथे ठोकून पाहिलं, तिसऱ्याने कसा थुंकतो ते कान लावून ऐकलं. एक म्हणाला मेलाय, दुसरा म्हणाला मरतोय, तिसरा म्हणाला मरेल. हा माणूस २८ वर्षांचा होता आणि रक्त ओकत होता. प्लेयेल कंपनीचा पियानो कस्टम्समध्ये अडकलेला, जानेवारीत कुठे हाती आला. तशात प्रिल्यूड्स पूर्ण करून फोंतानाकडे धाडली.

तर मला विचारायचंय असं की बाकीची पत्रं कुठे गेली? सांदबरोबर नऊ वर्षं काढली, तिला लिहिलेलं आणि तिने लिहिलेलं जवळपास काहीच कसं नाही? जाणकारांनी लिहा.

---

चकल्या_कडबोळी:

पहिला! 😁 वाचतो सावकाश. विजारीचं वाचून आमचे मोठे काका आठवले, मुंबईला कोणी निघालं की यादी तयार.

---

रफारवाला:

लेख छान पण आधी एक ठरवा, शोपाँ, शोपॅन की शोपिन? तिन्ही वाचलंय. आणि "कुठली बोट" नव्हे, "कुठलं बोट", होडी नाही ती.

---

उशिरा_सूर:

हाहा, होडीच झालीय खरी. फ्रेंच लोक शोपाँ म्हणतात म्हणून तसं लिहिलं. बाप फ्रेंच, आई पोलिश.

---

क्राकूवकर:

सहा वर्षं इकडे पोलंडमध्ये आहे, भाषा पोटापुरती येते. इथे शोपेनच म्हणतात. तुम्ही काहीही लिहा.

बाकीची पत्रं कुठे गेली, तर काही जळली आणि तीही कशी बघा. त्याची धाकटी बहीण इझाबेला वॉर्सॉत झामोयस्की पॅलेसमध्ये राहायची. १८६३ मध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव चालू होता. १९ सप्टेंबरला त्या इमारतीतून रशियन गव्हर्नर बर्ग याच्या गाडीवर बॉम्ब टाकले. तो वाचला, पण मग सैनिक इमारतीत घुसले आणि हाताला लागेल ते खिडक्यांतून खाली रस्त्यावर फेकायला लागले. शोपाँ तरुणपणी ज्यावर वाजवायचा तो पियानोही वरून खाली. खाली सगळ्या सामानाची होळी केली, त्यात त्याने पॅरिसहून आईवडिलांना लिहिलेली पत्रं गेली. म्हणजे इझाबेलाकडची. सगळीच गेली नाहीत, घरच्यांना लिहिलेली काही आज आहेत. नॉर्विद नावाच्या कवीने त्या पियानोवर कविता लिहिली, ती इथे शाळकरी पोरांनाही माहीत असते. पियानोचं सगळ्यांना आठवतं, पत्रांचं कोणी काढत नाही. मला विचाराल तर पियानो दुसरा मिळतो हो.

---

दप्तरदार:

जुन्या कागदांचा किडा म्हणून लिहितो. असल्या संग्रहात नेहमी विचारायचं की मूळ कागद कोणी पाहिला. मॉरित्सी कारासोव्स्की म्हणून एक गृहस्थ, त्यांनी त्या आगीच्या आधी घरच्यांकडची पत्रं पाहिली होती, उतरवून घेतली होती, आणि पुढे १८७७ मध्ये चरित्र काढलं तेव्हा वापरली. त्यामुळे जळलेल्यातलीही काही मजकुराने उरली. पण उतरवणारा आपल्या मनाने भाषा साफसूफ करतोच, नको ते गाळतो. आपल्याकडे राजवाडे, पारसनीस गावोगाव फिरून कागद गोळा करत होते तेव्हाही हेच, मूळ रुमाल (कागदांचं बासन) बघितल्याशिवाय जीवाला स्वस्थता नाही. नंतर सिडोव्ह यांनी दोन खंडांत पत्रव्यवहार काढला, १९५५, बरीच वर्षं तोच प्रमाण मानत. आता पोलंडमध्ये नव्याने शास्त्रशुद्ध आवृत्ती काढतायत, पहिला खंड २००९ चा, त्यात टिपाच पत्रांहून जास्त, वाचायला मजा येते.

---

मंदारमाला:

जळण्याचा विषय निघाला म्हणून. आमची आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीत एक दिवस पहाटे न्हाणीघरात बंबासमोर पाट टाकून बसलेली, मांडीवर पत्रांचा गठ्ठा, परकराच्या जुन्या नाडीने बांधलेला. एकेक पत्र काढायची, नुसतं वरचं नाव बघायची, वाचायची नाही, आणि बंबात. मी म्हटलं अगं कोणाची? म्हणाली, "पाणी तापलंय का बघ." त्या पाण्याने मी आंघोळ केली, आजही कसंतरी होतं आठवलं की. आजोबा सैन्यात होते. म्हणून सांदबाईंनीही जाळली असतील तर मला नवल नाही.

---

क्राकूवकर:

मंदारमाला, 🙏

तिने जाळलीच. गोष्ट अशी की शोपाँ गेला १७ ऑक्टोबर १८४९ ला. थोरली बहीण लुद्विका पॅरिसला आलेली होती, त्यानेच जूनमध्ये पत्र लिहून बोलावून घेतलेलं. परत जाताना तिने त्याचं हृदय बरोबर नेलं हे सगळ्यांना माहीत असतं (वॉर्सॉच्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे). पण तिच्याकडे सांदने शोपाँला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठाही होता. रशियन हद्दीत शिरताना झडती होणार म्हणून तो तिने अलीकडेच, प्रशियाच्या बाजूला मिस्लोवित्से गावात ओळखीच्यांकडे ठेवला. १८५१ मध्ये फ्रेंच लेखक धाकटा अलेक्झांद्र द्युमा एका रशियन बाईच्या मागे मागे तिथवर गेला, हद्दीवर त्याला पुढे सोडेनात, म्हणून बसला अडकून आणि वेळ घालवायला कोणीतरी हा गठ्ठा दिला वाचायला! त्याने बापाला कळवलं, बापाने सांदला, आणि शेवटी गठ्ठा सांदच्या हातात. तिने जाळून टाकला.

---

चकल्या_कडबोळी:

म्हणजे प्रेमात फसलेल्या एकाने टाइमपास म्हणून दुसऱ्यांची प्रेमपत्रं वाचली. सिरियलवाल्यांना सांगू नका.

---

स्पष्टवक्ती_शमा:

कोणालाच पटणार नाही पण लिहिते. मला हे सगळं वाचणंच चुकीचं वाटतं. त्या फोंतानाला विजारीचा रंग कळवताना शोपाँला माहीत होतं का की पावणेदोनशे वर्षांनी ठाण्यातला कोणी वाचेल? त्याची परवानगी कुठेय? शिवाय मेल्यावर माझ्या अप्रकाशित रचना जाळा असं त्याने सांगितलं होतं ना, ती तरी कुठे जाळली.

---

उशिरा_सूर:

शमाताई, ते तर गंमतच आहे. ज्या फोंतानाने त्याच्यासाठी टोप्या आणल्या, त्यानेच घरच्यांच्या संमतीने १८५५ मध्ये त्या रचना छापल्या, ऑपस ६६ पासून पुढे. ज्या फँटसी इम्प्रॉम्प्तूवर यूट्यूबवर पोरंटोरं बोटं मोडतात ती त्यातलीच. फोंताना स्वतः अमेरिका, क्यूबा असं फिरून पॅरिसला परतला, बायको गेली, ऐकू येईना, पैसे नाहीत, १८६९ मध्ये आत्महत्या केली. त्याला आलेली पत्रं नसती तर त्याचं नाव आज कोणी घेतलं नसतं. परवानगीचा मुद्दा मात्र मान्य, उत्तर नाही माझ्याकडे. वाचणं थांबवणार नाही हेही तितकंच खरं.

---

कात्री_आणि_गोंद:

कोणी अजून खोट्या पत्रांकडे वळलं नाही? शीर्षकात लिहून ठेवलंत की. मी लिहितो.

डेल्फिना पोतोत्स्का. काउंटेस, गळा गोड, शोपाँने तिला एफ मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) अर्पण केला आणि ऑपस ६४ चा तो छोटा 'मिनिट' वॉल्ट्झही. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्यासाठी गायलीसुद्धा. दोघांत काही होतं अशी कुजबुज पहिल्यापासून. तर १९४५ मध्ये, महायुद्ध नुकतंच संपलेलं, पाउलिना चेर्नित्स्का म्हणून एक बाई पुढे आली की शोपाँने डेल्फिनाला लिहिलेली पत्रं माझ्याकडे आहेत. मजकूर एकदम खमंग, म्हणजे बिछान्यातलं उघडउघड, आणि शिवाय संगीत कसं सुचतं यावर लांबलचक विचार. लोकांना जे जे शोपाँच्या तोंडून ऐकायचं होतं ते सगळं एकाच ठिकाणी! मूळ कागद मागितले की बाई आज देते उद्या देते. शेवटपर्यंत दाखवले नाहीत. १९४९ मध्ये तिने जीव दिला. पुढे काही पत्रांचे फोटो निघाले, मग वर्षानुवर्षं वाद. हस्ताक्षर तर शोपाँचंच! जाणकारांचं म्हणणं असं पडलं की खऱ्या पत्रांतली अक्षरं, शब्द उचलून जुळवाजुळव केलीय. आर्थर हेडली यांनी १९६२ मध्ये पत्रांचं इंग्रजी पुस्तक काढलं त्यातही ती खोटी का ते सविस्तर मांडलंय. तरी आजही ती वाक्यं नेटवर 'शोपाँचे विचार' म्हणून फिरतात.

माझं मत विचाराल तर ओळखायची सोपी खूण म्हणजे खऱ्या पत्रांत तो संगीताविषयी बोलतच नाही फारसा. बोलला तर हात गप्पा मारतात, एवढंच.

---

दप्तरदार:

+१. सहमत. ज्या कागदात आपल्याला हवं ते सगळं सापडतं तो कागद उजेडात धरून बघावा.

---

इंद्रधनू_२२:

हा विषय आलाच आहे तर तितुसबद्दल पण बोला ना. त्याचा तरुणपणीचा मित्र तितुस वोयचेखोव्स्की, त्याला लिहिलेली पत्रं वाचा, "माझ्या लाडक्या जीवा" शिवाय सुरुवात नाही, मिठ्या, चुंबनं. १८३० च्या एका पत्रात म्हणतो, आत्ता मुका घेऊ नकोस, मी अजून तोंड धुतलेलं नाही. २०२० मध्ये स्विस रेडिओने यावर मोठा कार्यक्रम केला की भाषांतरांत हे सगळं दडपलं गेलं. पोलंडमध्ये वादळ उठलं होतं.

---

क्राकूवकर:

हो, मी तेव्हा इथेच होतो. ऑफिसात दोन तट. एक बाजू म्हणते त्या काळी दोस्त असंच लिहायचे. दुसरी म्हणते मग बाकीच्या दोस्तांना, म्हणजे फोंतानाला असं का नाही लिहीत? दोन्हीत दम आहे.

व्याकरणाचीही गंमत आहे. ऑक्टोबर १८२९ मध्ये तितुसला लिहितो की मला माझा 'आयडियाल' (आदर्श) सापडलाय, सहा महिने मनात पूजतोय, एक शब्दही बोललेलो नाही, कॉन्चेर्टोचा संथ भाग त्याच्याच आठवणीत रचला. सगळे म्हणत आले की ही गायिका कॉन्स्टान्त्सिया ग्वाडकोव्स्का. पोलिशमध्ये तो शब्द पुल्लिंगी, म्हणून सर्वनामंही पुल्लिंगी. त्यावरून काहींनी म्हटलं बघा, पुरुष आहे.

---

रफारवाला:

माझं क्षेत्र आलं! मराठीत 'व्यक्ती' स्त्रीलिंगी. "एक व्यक्ती भेटली, ती फार आवडली" यावरून बाई की पुरुष काय कळणार? आणि 'दैवत' म्हटलं तर नपुंसक. उद्या माझी पत्रं वाचून कोणी म्हणायचं हे गृहस्थ ज्याच्यावर भाळले ते 'ते' होतं. लिंगावरून पुरुषही सिद्ध होत नाही आणि बाईही सिद्ध होत नाही. इंग्रजीत मात्र भाषांतरकाराला ही किंवा तो यातलं एक निवडावंच लागतं, तिथे त्याचं स्वतःचं मत घुसतं.

---

इंद्रधनू_२२:

हे पटलं. आणि मी तरी कुठे सिद्ध करायला निघाले. एवढंच की तोंड न धुतलेलं वाक्य गाळू नका.

---

करवीरकर:

अवांतर: आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बायका-पोरंच जास्त. रशियातून हाल काढत आलेली. धागा वाचताना सारखं मनात येतंय, त्यांच्या घरच्या पत्रांचं काय झालं असेल. चालू द्या.

---

दप्तरदार:

अवांतरात माझीही भर. १९३१ ला जो इंग्रजी संग्रह आला, ओपिएन्स्की यांनी जमवलेला, त्याचा अनुवाद केला एथेल व्हॉइनिच यांनी. नवरा म्हणजे ज्याच्या नावाने ते कोणालाही न वाचता येणारं व्हॉइनिच हस्तलिखित प्रसिद्ध आहे तो पोलिश पुस्तकविक्या. बाप म्हणजे गणिती जॉर्ज बूल. आणि आई? मेरी एव्हरेस्ट, भारताच्या सर्व्हेचे जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. शिखरापासून शोपाँपर्यंत एकाच घरातून वाट!

---

चकल्या_कडबोळी:

दप्तरदार, तुम्ही लग्नात गेलात की पाच मिनिटांत नातं काढत असणार.

---

स्पष्टवक्ती_शमा:

प्रकाशकांबद्दल लिहिताना तो ज्यूंवरून जे बोलतो त्यावर कोणी का लिहीत नाही? मायोर्का, मार्सेयच्या पत्रांत जागोजाग आहे. घासाघीस करणारा कोणीही असो, शिवी तीच. वाचायचंच तर तेही वाचा.

---

उशिरा_सूर:

बरोबर आहे, मी मूळ लेखात टाळलं, चूक झाली. वाचताना घाण वाटतं. "तेव्हा सगळेच बोलायचे" म्हणून सोडून देता येत नाही, कारण हाच माणूस दुसऱ्या पानावर इतकं बारीक, इतकं नेमकं बघू शकतो.

त्या बघण्याचाच नमुना देतो. १८४८, इंग्लंड-स्कॉटलंडचा दौरा, तब्येत पार गेलेली. मित्र ग्झिमावाला लिहितो की इथल्या बायका माझं वाजवणं ऐकून एकच बोलतात, "लाइक वॉटर", म्हणजे पाण्यासारखं वाहतं. आणि स्वतः वाजवताना हाताकडे बघत बघत, चुकीचे सूर भारी भावपूर्ण वाजवतात. (हे वाचून मी तीन दिवस पियानो उघडला नाही.) १८४६ च्या ऑक्टोबरात घरच्यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात ल व्हेरियेने शोधलेला नवा ग्रह, लंडनमधलं बोलणारं-गाणारं यंत्र, स्फोटक कापूस, काय काय आहे. आणि लहानपणचं तर कहर. १४ वर्षांचा असताना सुट्टीत शाफार्नियाला गेला, तिथून घरी पत्रं नाही, वर्तमानपत्र! 'कुरियर शाफार्स्की', देशी बातम्या, विदेशी बातम्या, कोंबड्या-बदकांच्या भानगडी, आणि पियानोवादक म्हणून 'श्री. पिशों'. आपल्याच नावाची अक्षरं उलटीसुलटी केलेली.

---

मंदारमाला:

मला त्या मारियाच्या पत्रांचं सांगा ना कोणीतरी. लग्न मोडलं ते.

---

क्राकूवकर:

मारिया वोजिंस्का. १८३६ मध्ये मागणी घातली, घरच्यांनी तब्येतीचं बघू म्हणत म्हणत विषय थंड केला. तिची आणि तिच्या घरच्यांची पत्रं त्याने एकत्र बांधून ठेवलेली, वर लिहिलं 'मोया ब्येदा'. इंग्रजीत 'माय सॉरो' करतात, पण ब्येदा म्हणजे नुसतं दुःख नाही, त्यात हाल, दैन्य, नशिबाची कटकट सगळं येतं. म्हातारी माणसं उसासा टाकून म्हणतात तसं. मराठीत काय म्हणाल?

---

मंदारमाला:

"माझे भोग." दुसरं काही नाही.

---

रफारवाला:

याला दुरुस्ती नाही.

---

कात्री_आणि_गोंद:

सांद-शोपाँचं शेवटचं भेटणंही पत्रातच आहे, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १८४७ मध्ये सांदच्या मुलीवरून, सोलांजवरून फाटलं. पुढल्या मार्चमध्ये एका ओळखीच्या बाईंच्या घरातून शोपाँ बाहेर पडतोय आणि सांद आत येतेय. दुसऱ्या दिवशी, ५ मार्च १८४८ ला, तो सोलांजला सगळं कळवतो. तुमच्या आईला विचारलं तुमची काही खबर? आठवड्यापूर्वी आली म्हणाल्या. काल-परवा काही नाही? नाही. "मग मी सांगतो, तुम्ही आजी झालात." नमस्कार करून जिना उतरला. खाली आल्यावर आठवलं की बाळ-बाळंतीण बरी आहेत हे सांगायचंच राहिलं. परत जिना चढायची छातीत ताकद नाही, म्हणून बरोबरच्या माणसाला वर पाठवलं. मग सांदच खाली आली, तब्येत कशी आहे विचारलं. बरी आहे म्हटलं आणि दरवानाला दार उघडायला सांगितलं.

ती मुलगी थोड्याच दिवसांत गेली. हे दोघं परत भेटले नाहीत.

---

स्पष्टवक्ती_शमा:

...हे वाचायला नको होतं असं म्हणणार होते. राहू दे.

---

उशिरा_सूर:

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या लेखापेक्षा मोठा झाला. काल मिसना "डावा-उजवा गप्पा मारतात" सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग तुझा डावा एवढा ओरडतो कशाला?" गप्प बसलो.

आता मी फोंतानाला लिहिलेलं ते घराचं पत्र मराठीत करतोय, र्यू त्राँशेवरचं घर, ५ नंबर. एका शब्दावर अडलोय. भिंतीच्या कागदाचा रंग त्याला 'तूर्तरेल' हवाय, चकचकीत, कडेला गडद हिरवी पट्टी, फार रुंद नको. मी 'पारवा' केलंय. बरोबर वाटतं का?

---

रफारवाला:

पारवा म्हणजे कबुतर, निळसर राखाडी. तुमचं तूर्तरेल म्हणजे होला ना? होला तांबूस असतो.

---

चकल्या_कडबोळी:

आमच्या गॅलरीत दोन्ही येऊन बसतात, फोटो टाकू का?

---

मंदारमाला:

टाका. पण साड्यांच्या दुकानात 'होला रंग दाखवा' कोणी म्हणत नाही. पारवाच ठेवा, नेसणारीला कळतं.